परदेशातले शिखर आणि घरचा जमाखर्च

रविवारी सकाळी लोणावळा, मळवली, कामशेत या स्टेशनांवर लोकल थांबली की पाठीवर पिशव्या आणि खांद्यावर दोराची वेटोळी घेतलेली मुले-मुली उतरताना दिसतात. कोणी लोहगड-विसापूरकडे जातो, कोणी राजमाचीला, तर कोणी कुरवंड्याच्या नागफणीवर कातळ चढायला. एकेकाळी ही हौस पुण्या-मुंबईच्या सुस्थितीतल्या घरांची समजली जात असे. आता मावळातल्या वस्त्यांमधली, कंत्राटी कामगारांची, रिक्षावाल्यांची आणि धुणीभांडी करणाऱ्या आयांची मुलेही या वाटेला लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. लहानपणापासून या डोंगरात वाढलेल्या मुलांना कातळाची भीती नसते, श्रमाची तर नसतेच नसते.

अशा मुलांपैकी एखादा उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन संस्थेत प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करतो. बर्फावर चालायला शिकतो, चांगली श्रेणी मिळवतो आणि एक दिवस घरी येऊन सांगतो, "आई, नेपाळच्या मोहिमेत माझी निवड होते आहे." घरात आधी कौतुक होते. मग रात्री दिवा मालवल्यावर आई-वडिलांमध्ये दबक्या आवाजात एकच विषय निघतो, तो म्हणजे पैसे आणायचे कोठून?

डोंगर सगळ्यांना सारखाच असतो, खर्चाचा भार मात्र सारखा नसतो. ज्याच्या घरी चार पैसे शिल्लक आहेत त्याची मोहीम फसली तर त्याची हौस बुडते. आपल्या घरातल्या मुलाची मोहीम फसली तर घर बुडू शकते. म्हणून दोर आणि बूट पारखून घेतो त्याच काळजीने पैशाचाही हिशेब आधी पारखून घ्यायला हवा.

खर्च नेमका कशावर होतो?

नेपाळमधल्या मोठ्या शिखरावर चढायचे तर तेथील सरकारला परवाना शुल्क द्यावे लागते. एव्हरेस्टचे वसंत ऋतूतील शुल्क २०१५ पासून माणशी ११,००० डॉलर होते. १ सप्टेंबर २०२५ पासून ते १५,००० डॉलर झाले. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी हे १२ लाख ७५ हजार रुपये होतात, आणि हा झाला फक्त परवान्याचा खर्च. डॉलर एका रुपयाने महागला तर या एकाच बाबीत १५ हजारांची भर पडते. मोहिमेचा अंदाज आज केला आणि पैसे वर्षाने भरायचे असतील तर ही वाढ आधीच धरून ठेवावी.

परवान्याशिवायही बाबी आहेत. तंबू-जेवणाची व्यवस्था करणारी काठमांडूची एजन्सी, शेर्पा आणि हमाल यांची मजुरी, त्यांचा व आपला विमा, कृत्रिम प्राणवायूच्या नळ्या, बूट, बर्फावरचे काटे, पिसांचे जाकीट आणि प्रवास. यातले बरेचसे सामान भाड्याने मिळते. पहिल्या मोहिमेसाठी सगळे विकत घेण्याचा मोह टाळावा. बूट तेवढे मापाचे आणि खात्रीचे हवेत, कारण बूट चुकला तर बोटे जातात.

प्रवासात बचत करायला आपल्याला शिकवावे लागत नाही. कल्याणहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तेथून बसने सोनौलीची सीमा आणि पुढे काठमांडू. कुशीनारा आणि लुंबिनीला जाऊन आलेल्या कुटुंबांना ही वाट पाठ आहे. नेपाळसाठी भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. विमानापेक्षा दोन-तीन दिवस जास्त लागतात, पण पैसे बरेच वाचतात.

आणखी एक गोष्ट तरुणांनी मनावर घ्यावी. सुरुवात एव्हरेस्टने करू नये. आधी आपल्या हिमाचल, उत्तराखंडमधली शिखरे करावीत. तेथे डॉलरचा प्रश्नच येत नाही. मग नेपाळमधली आयलंड पीक, मेरा पीक यांसारखी सहा हजार मीटरवरची शिखरे. त्यांचे परवाना शुल्क एव्हरेस्टच्या मानाने फारच थोडे आहे. शरीर, अनुभव आणि पैसा यांची पायरी एकदमच चढत गेली पाहिजे. एक पाय पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला की माणूस पडतो.

तीन वेगळ्या पेट्या

कचेरीत आम्ही एका खात्याचे पैसे दुसऱ्या खात्यात मिसळू देत नाही. घरीही तोच नियम लावावा. मोहिमेचा पैसा तीन पेट्यांत ठेवावा, निदान वहीत तरी तीन वेगळी पाने करावीत.

पहिली पेटी मोहिमेची. परवाना, एजन्सी, प्रवास, सामान, जेवणखाण आणि हातखर्च हे सर्व यातून जाईल.

दुसरी पेटी अडीअडचणीची. एकूण अंदाजाच्या निदान पाचवा हिस्सा यात हवा. अंदाज दोन लाखांचा असेल तर चाळीस हजार. लुक्लाचे विमान खराब हवेमुळे चार-चार दिवस उडत नाही आणि तेवढे दिवस लॉजचे भाडे व जेवण अंगावर पडते. आजारपण येते, सामान हरवते. ही पेटी शिखरासाठी उघडायची नाही, हा निर्धार निघण्यापूर्वीच करावा.

तिसरी पेटी घराची. हिचा विसर बहुतेकांना पडतो. एव्हरेस्टसारखी मोहीम दोन महिने चालते, साधारण एप्रिल ते मे अखेर. कंत्राटी कामगाराला या काळात पगार नाही. परत आल्यावरही काही दिवस अंगात त्राण नसते. त्यात समोर जून उभा असतो. शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश आणि पावसाळ्यापूर्वी छपरावर टाकायचा कागद. समजा घरखर्च महिन्याला १८ हजार आहे. तीन महिन्यांचे ५४ हजार आणि जूनचे १० हजार मिळून ६४ हजार रुपये झाले. हे पैसे घरात ठेवल्याशिवाय कमावत्या मुलाने घराबाहेर पाऊल टाकू नये. आई-वडिलांनीही हे स्पष्ट सांगावे. त्यात मुलाच्या स्वप्नाला विरोध नाही, उलट त्याला निश्चिंत मनाने चढता यावे याची ती सोय आहे.

नोटा, बँक आणि सीमा

नेपाळी रुपयाचा भाव १९९३ पासून भारतीय रुपयाशी बांधलेला आहे. आपले १०० रुपये म्हणजे तिकडचे १६०. तेथील दुकानदार आपल्या पैशाला 'आयसी' म्हणतात आणि त्यांच्या पैशाला 'एनसी'. भाव ठरवताना हा आकडा आयसी की एनसी, हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर शंभराच्या जागी एकशेसाठ मोजून याल.

नेपाळच्या प्रवासासाठी भारतात डॉलर विकत घेता येत नाहीत, तसा आपला परकीय चलनाचा नियमच आहे. आपल्या मोठ्या नोटांबाबत मात्र सावध राहावे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेपाळने १०० रुपयांपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात बँकेत जाऊन ताजा नियम विचारावा. शंभराच्या नोटा न्याव्यात, म्हणजे कोणत्याही नियमात अडकणार नाही. २०२४ पासून तेथील काही दुकानांत मोबाइलवरून क्यूआरने पैसे देण्याची सोय झाली आहे. पण ती शहरासाठी. डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, आणि थंडीत त्याची बॅटरी कधी मान टाकेल सांगता येत नाही.

एव्हरेस्टच्या वाटेवर नामचे बाजार हे शेवटचे मोठे गाव. तेथे एटीएम आहे. त्यापुढे रोख पैशाशिवाय गती नाही, म्हणून वरचा सगळा खर्च खालीच मोजून बरोबर घ्यावा. वर जावे तशी महागाई वाढते, कारण तांदळाचा प्रत्येक दाणा माणसाच्या किंवा याकच्या पाठीवरून आलेला असतो. गरम पाण्याची बादली, मोबाइल चार्ज करणे, सगळ्याला पैसे पडतात. दिवसाच्या हातखर्चाची मर्यादा ठरवावी आणि तेवढेच पैसे वरच्या खिशात ठेवावेत. बाकीची रोकड दोन माणसांत विभागावी. एकाचेच पाकीट हरवले तर सगळी मोहीम अडते.

संध्याकाळी तंबूत चहा घेताना पाच मिनिटे काढून दिवसाचा खर्च वहीत लिहावा. उंचीवर विस्मरण होते, हे डॉक्टरही सांगतात. तिसऱ्या दिवशी मागचे आठवत नाही, आणि मग मित्रामित्रांत पैशावरून संशय सुरू होतो. दोराला एकत्र बांधलेल्या माणसांमध्ये असा संशय जीवघेणा ठरू शकतो. गटात एकजण खजिनदार असावा आणि दर आठवड्याला दुसऱ्याने ताळा पाहावा.

विम्याचा कागद नीट वाचावा. साध्या प्रवास विम्यात गिर्यारोहण बहुधा धरलेले नसते. किती मीटर उंचीपर्यंत विमा लागू आहे आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. पैशाची हमी मिळाल्याशिवाय हेलिकॉप्टर सहसा उडत नाही. पॉलिसीचा क्रमांक आणि कंपनीचा फोन घरच्यांकडेही लिहून ठेवावा.

नेपाळखेरीज इतर देशांत, उदाहरणार्थ आफ्रिकेतल्या किलिमांजारोला जायचे असेल तर पासपोर्ट, व्हिसा आणि डॉलर हे सगळेच आले. तेथे उद्यानाचे शुल्क दिवसाच्या हिशेबाने डॉलरमध्ये भरावे लागते. म्हणजे एक दिवस वाढला की खर्च वाढला. तरीही घाईने चढण्यासाठी दिवस कमी करू नयेत. शरीराला उंचीची सवय होण्यास वेळ लागतो, आणि तेथे वाचवलेला पैसा दवाखान्यात जातो.

मजुरी कापू नका

काटकसर करताना पहिली कात्री हमालाच्या मजुरीवर चालवण्याची काही गटांना सवय असते. आपण श्रमिकांच्या घरातले लोक आहोत. हमालाच्या पाठीवरचे ओझे काय असते हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

१८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमनदीवर हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार मृत्युमुखी पडले. मोहिमांचे सामान वर नेण्याचे काम ते करीत होते. सरकारने सुरुवातीला प्रत्येक कुटुंबाला ४०,००० नेपाळी रुपये मदत जाहीर केली. आपल्या हिशेबाने २५,००० रुपये. एका कमावत्या माणसाच्या जिवाची ही किंमत ऐकून शेर्पा संतापले, आणि त्या वसंतातल्या नेपाळ बाजूच्या मोहिमा बंद पडल्या. म्हणून एजन्सी ठरवताना स्वस्त कोण एवढेच पाहू नये. कामगाराला काय मिळते, त्याचा विमा किती, त्याला गरम कपडे आणि झोपायला तंबू आहे का, हे विचारावे. शेवटी द्यायच्या बक्षिसाची रक्कमही अंदाजपत्रकात आधीपासून लिहावी आणि वेगळ्या पाकिटात घालून ठेवावी. परतताना खिसा रिकामा झाला म्हणून ज्याने आपला दोर धरला त्याला नुसत्या नमस्कारावर वाटेला लावू नये.

वर्गणी आणि तिचा हिशेब

मोठी मोहीम एकट्या घराच्या पैशावर होत नाही. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले. पुढे १९ मे २०१२ रोजी पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली त्याच शिखरावर गेले. ती सरकारी वा लष्करी मोहीम नव्हती, लोकांच्या मदतीवर उभी राहिलेली नागरी मोहीम होती.

गरीब घरातली मुले केवळ घरच्या कर्जावर वर जातात असेही नाही. २५ मे २०१४ रोजी पूर्णा मालावत ही १३ वर्षे ११ महिन्यांची आदिवासी मुलगी आणि आनंद कुमार हा दलित मुलगा तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचले. दोघेही त्यावेळच्या आंध्र प्रदेशातील समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी, आणि खर्च त्या शाळा चालवणाऱ्या सरकारी संस्थेचा. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्ट सर केले. खर्च महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाचा होता. तेव्हा सरकारी योजना, क्रीडा खाते, कारखान्याचा कल्याण निधी, कामगार संघटना या सर्व दारांवर अर्ज घेऊन जावे. अर्ज करण्यात लाज कसली?

लोकांकडून वर्गणी घेतली तर हिशेब चोख हवा. याचा धडा आपल्या उशाशीच कोरलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन पाहा. ते लेणे एका राजाच्या खजिन्यातून झाले नाही. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याचे नाव तेथे आहे, तसे धेनुकाकटच्या यवनांचे आहे, गंधाच्या व्यापाऱ्याचे आहे आणि एका सुताराचेही आहे. कोणी काय दिले हे दगडात लिहून ठेवले आहे. खांब देणाऱ्याच्या नावाने खांब, दार देणाऱ्याच्या नावाने दार. दोन हजार वर्षांनीही ती पावती वाचता येते. आपल्याला निदान कागदावर तरी ती देता आली पाहिजे.

मोहिमेसाठी नोंदणीकृत संस्थेच्या नावे किंवा दोघांच्या सहीचे वेगळे बँक खाते असावे. दहा रुपयांचीही पावती फाडावी. परत आल्यावर महिन्याच्या आत जमाखर्च वस्तीच्या फलकावर लावावा. उरलेले पैसे कोठे गेले तेही लिहावे. एकाने हिशेब दिला नाही तर पुढच्या दहा मुलांना कोणी वर्गणी देत नाही.

मागे फिरण्याइतका पैसा

आता सर्वांत महत्त्वाचे. मे २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधील चार जण एव्हरेस्टवर गेले. एका हाताने अपंग असलेले शिंपी परेशनाथ, पोलीस खात्यातील गौतम घोष, सुभाष पाल आणि परिचारिका सुनीता हाजरा. सगळी साधी माणसे, वर्षानुवर्षे बचत करून आणि उसनवारी करून निघालेली. २०१४ ची मोहीम हिमकडा कोसळल्याने आणि २०१५ ची भूकंपाने बंद पडल्यावर ते पुन्हा गेले होते. शिखराच्या वाटेवर उशीर झाला तरी ते वेळेत मागे फिरले नाहीत, प्राणवायू संपत आला. सुनीता हाजरा वाचल्या. बाकीचे तिघे परतले नाहीत. परेशनाथ आणि गौतम घोष यांचे मृतदेह तर वर्षभर डोंगरावरच राहिले. २०१७ मध्ये राज्य सरकारच्या खर्चाने ते खाली आणले गेले.

या माणसांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्यांची जिद्द मोठी होती. पण त्यांच्या कहाणीतून घेण्यासारखे काही असेल तर ते हे की, पैसा माणसाच्या पायात बेडीसारखा अडकू शकतो. शिखर शंभर मीटरवर दिसत असते, घड्याळ मागे फिरा म्हणते, आणि डोक्यात पतपेढीचे हप्ते फिरत असतात. 'एवढे कर्ज काढले, आता रिकाम्या हाताने घरी कसा जाऊ?' या एका विचाराने पाय पुढे पडतो. डोंगर पुढच्या वर्षीही तेथेच असतो. आपल्या मुलाला तो विचार करण्याची मोकळीक हवी असेल, तर त्याच्या डोक्यावर फेडता न येणारे कर्ज ठेवून त्याला पाठवू नये.

म्हणून घर गहाण ठेवू नये. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे आणि वडिलांच्या निवृत्तीचा फंड यांना हात लावू नये. सावकाराकडे तर जाऊच नये. बचत गट किंवा भिशीतून घ्यायचे तर मोहीम पूर्ण फसली तरी वर्षभरात फेडता येईल एवढेच घ्यावे. मोहीम रद्द होऊ शकते. २०१४ चे परवाने नेपाळ सरकारने पाच वर्षांपर्यंत वाढवून दिले, पण प्रवास, जेवण आणि बुडालेली मजुरी कोणी परत देत नाही. एजन्सीशी करार करताना मोहीम रद्द झाल्यास किती पैसे परत मिळतील, हे लेखी घ्यावे.

लोणावळ्यात 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थेचे कार्यकर्ते आपली कामेधामे सोडून दरीत अडकलेल्यांना काढायला धावतात. अशा अनुभवी माणसांसमोर आपले अंदाजपत्रक एकदा ठेवावे. कोठे कमी धरले आहे हे त्यांच्यासारख्यांच्या नजरेला लगेच दिसते.

आणि घरातल्या आयांनो, हिशेबाची वही सर्वांत आधी तुम्ही मागा. तुम्ही महिन्याचा किराणा तुटपुंज्या पगारात बसवता, तुमच्याइतका कसलेला खजिनदार कोणत्या मोहिमेला मिळणार? मुलाला किंवा मुलीला समोर बसवून विचारा: एकूण किती लागणार? त्यातले हातात किती? अडचणीसाठी वेगळे किती ठेवले? तू नसताना घर कशावर चालणार? आणि शिखरावर न पोहोचता परत आलास, तर आपण कोणाचे किती देणे लागू? या पाच प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली तर खुशाल डोक्यावर हात ठेवून निरोप द्या. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून घरातल्या कोणाचीही झोप उडत नसेल, तर तो अंदाज पक्का झाला असे समजा.